किडे कुठे राहतात?

करंजाडेतल्या एका चकचकीत प्री-स्कूलमध्ये चार वर्षांच्या लेकीला प्रवेशासाठी नेलं होतं. मुख्याध्यापिका मला मुलांच्या जिज्ञासेवर पाठ केलेलं भाषण ऐकवत होत्या. लेक खाली बसून प्लास्टिकचं गवत चाचपत होती.

"हे खोटंय. मग किडे कुठे राहतात?" तिने विचारलं.

"बेबी, नो क्वेश्चन्स. सिट प्रॉपर्ली!" बाई डाफरल्या. मग मला म्हणाल्या, "फार बोलते हो. ही सवय मोडावी लागेल."

जिज्ञासेचं दुकान मांडलेल्या या बाईंची मला किळस आली. फॉर्म तिथेच टाकून मी लेकीला उचललं.

रिक्षात तिने विचारलं, "आई, त्या बाईंना उत्तर येत नव्हतं?"

"नाही. आणि त्याची लाजही वाटत नव्हती," मी म्हणाले.