नामदार आणि नादार

माझी धाकटी जाऊ पडदे शिवायची. दीर गेला तो दवाखान्याची बिलं मागे ठेवून. दोन वर्षं तिने ओढाताण केली, शेवटी कोर्टात हात वर केले. कोर्टाने कर्जातून सोडवलं, शिलाई मशीनही राहू दिली, पण नाव यादीत घातलं. नाव, पत्ता, घरातली भांडीकुंडी, सगळं दहा वर्षं कुणीही मोबाइलवर बघावं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. सुनेने ती यादी दाखवली. मी 'नामदार' वाचलं आणि लगेच फोन लावला, "अगं, एवढी मोठी झालीस आणि कळवलं नाहीस?"

"जाऊबाई, चष्मा पुसा. नादार लिहिलंय, दिवाळं निघालेली. नामदार ते, कायदा करणारे."

पोट धरून हसलो. पण त्या यादीपायी तिला कुणी खोली देईना. घरमालक आज गोड बोलायचा, उद्या फोन उचलायचा नाही. शेवटी मायलेकी माझ्या मागच्या खोलीत आल्या. लेक सराफाकडे गल्ल्यावर बसायची.

मग कळलं, कायदा बदलायचा म्हणून आमदारांची समिती लोकांचं ऐकणार आहे. जावेने दोन पानी अर्ज लिहिला: कोर्टाने सोडलं की नाव पुसा. निघताना लेक म्हणाली, "आई, सराफाला अजून माहीत नाही. आडनाव एकच आहे आपलं."

सोबतीला मी गेले. दाराशी कारकुनाने कागद पुढे केला. "नाव, पत्ता, केस नंबर. अहवालात छापून येतं."

"अहो, मी नाव पुसून मागायला आलेय आणि तुम्ही परत छापणार?"

"नाव नसेल तर निनावी अर्ज होतो, बाई. तो कुणी वाचत नाही."

तिचा हात थांबला. मी म्हटलं, "चल घरी. पोरीचं बघ."

"माझ्यासारख्या सगळ्या घरीच गेल्या, जाऊबाई. म्हणून तर कायदा तसाच राहिला." तिने सही केली.

आत चार मिनिटं मिळाली. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही नामदार, मी नादार. एका 'म'चा फरक. चोर सुटला तर तुरुंगाच्या दारावर त्याची पाटी ठेवत नाहीत. मला कोर्टाने सोडलंय, माझी पाटी का?" एक हसला, एक मोबाइलमध्ये होता. एका म्हाताऱ्याने मात्र लिहून घेतलं.

अहवाल छापला त्याच महिन्यात सराफाने लेकीला गल्ल्यावरून उठवलं. ती दुसऱ्या गावी गेली, जाताना आईशी बोलली नाही. वर्षभराने कायदा आला: सुटका झाली की सहा महिन्यांत नाव काढायचं. पण नव्या केसेसना. जुन्यांची यादी तशीच. जावेने तो कागद तीनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. शिव्या द्यायचं काम मी केलं.

लेक फोन करते, पण मला. मी मुद्दाम मोठ्याने बोलते, "जेवलीस का? खोकला गेला का?" मागच्या खोलीतली मशीन तेवढा वेळ बंद असते.