प्रेमानंदनं कापलेलं सील

नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडे रोज संध्याकाळी ट्रकने कागदांची एक पिशवी जाते. तिला सील लावतो प्रेमानंद. सील लागलं की पिशवी पुण्यातच उघडायची. सव्वीस वर्षांत त्याने ते कधी तोडलं नव्हतं. एकदा त्याचाच चष्मा आत राहिला. चार दिवस तो चष्म्याविना चाचपडत वावरला.

त्या दिवशी पिशवीत त्याच्या मुलीचा, मेघाचा फॉर्म होता. कंपनी तिला कामावर घेत होती. नागपूर की पुणे, एवढंच लिहायचं होतं. तिला पुणं हवं होतं. ‘‘घरचं जेवण सोडून काहून जातं वं?’’ म्हणत त्याने नागपूर लिहायला लावलं.

सील लागल्यावर कारकून मिनल फॉर्मची झेरॉक्स घेऊन आली.

‘‘काका, मागचं पान वाचलं काय?’’

‘‘मागं काय रायते? अटी न् शर्ती.’’

‘‘पगार रायते.’’

तिने बोट ठेवलं. पद तेच, आठ तास तेच. नागपूर, सतरा हजार. पुणे, एकतीस हजार.

‘‘खोलीभाडं धरलं असन.’’

‘‘ते अलग देतेत. खाली लिवलं हाये.’’

प्रेमानंदला आज, सव्वीस वर्षांनी, बावीस हजार मिळत होते. तो हसला. हसू चेहऱ्यावर आलं आणि तिथंच अडकलं.

‘‘मी लागलो तवा पुन्यावाल्याले दोनशेच जास्त भेटत. दोनशे, मिनल!’’

तो पिशव्या पाठवत राहिला आणि त्या जिथं उघडत, ते शहर दर वर्षी थोडं थोडं लांब गेलं. रस्ता तेवढाच होता. त्याला पत्ताही लागला नाही.

बाहेर ताराचंद ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ‘‘काय गा, पिशवीची पाठवणी करून राहिला काय? पोरगी सासरी चालली वाटते!’’

प्रेमानंदनं टेबलावरची कात्री उचलली आणि सील कापलं.

ताराचंद दारात थबकला. ‘‘अबे, चष्म्यासाठी नाई तोडलं तू!’’

प्रेमानंदनं फॉर्म काढून घेतला, नवं सील लावलं, पिशवी त्याच्या हातात दिली. मग त्याने मेघाला फोन लावला.

‘‘तुया कागद माह्यापाशी हाये. घरी आनतो. आता तुले पायजे ते लिव्ह.’’

‘‘पन बाबा, पिशवीले तर सील लागलं असन ना?’’

‘‘कापलं.’’

‘‘कापलं? तुमी?’’ मेघानं विचारलं. चष्म्याची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती.