नवे शॉकअप की जुनेच?

जगातल्या प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं मनापासून पटलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. बायकोचे हे सख्खे मामा सानगडीला धानाचा व्यापार करतात. ढिगात मूठ घालून धानात ओल किती आहे ते डोळे मिटून सांगतील, पण भाजी वांग्याची करू की चवळीची, असं मामींनी विचारलं की त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो. अशा माणसाच्या जुन्या गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे हादरे झेलणारे दांडे, गेले. साकोलीचा मिस्त्री म्हणाला, सील बदलून, तेल भरून जुनेच चांगले करून देतो. भंडाऱ्याचा दुकानदार म्हणाला, त्यात आता जीव उरलेला नाही, नवीनच टाका. झालं! मामाजींना दोघांचंही पटलं.

तेव्हापासून ते दिसेल त्याला विचारत सुटले. गुरांच्या डॉक्टरला विचारलं, सत्यनारायणाला आलेल्या भटजींना विचारलं. तलावाच्या पाळीवर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या ढिवराला विचारलं, तर तो म्हणाला, “एका जागी फाटलं त शिवाचं, जागोजागी फाटलं त नवं घ्याचं, शेटजी.” मामाजी खूश झाले. मग त्यांनी त्याच्या हातातलं जाळं नीट पाहिलं. ते जागोजागी फाटलेलं होतं आणि म्हातारा ते शिवतच होता. मामाजी होते तिथे परत आले.

गाडीचा कोपरा दाबून सोडला की ती किती हलते त्यावरून शॉकअप कळतात, एवढं एक मिस्त्रीने त्यांना शिकवून ठेवलं होतं. मग काय, लग्नाला गेले की आधी मांडवाबाहेरच्या गाड्या दाबून यायचे. एकदा तर नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडीच दाबली. ती ऐन मंगलाष्टकांत केकाटायला लागली. सगळं वऱ्हाड बाहेर धावलं. मामाजी शांतपणे माझ्या कानाशी लागून म्हणाले, “थोडीशी हालून थांबली, जवाईबापू. आपली त हालूनच राहिली असती.”

मी ‘नवीन टाका’ म्हटलं की म्हणायचे, “पन जुनं लोखंड हाय, तसं आता भेटते का?” बरं, जुनेच भरून घ्या म्हटलं, तर “अन् पुन्हा तेल गळलं त?” ऐकून ऐकून माझाच गोंधळ व्हायला लागला. एके दिवशी चपलेचा अंगठा तुटला, तर शिवून घ्यावी की नवी घ्यावी या विचारात मी मोच्यासमोर कितीतरी वेळ एका पायावर उभा होतो.

यात मरण मात्र मामींचं होतं. त्यांना मणक्याचं दुखणं. दर बुधवारी शेक घ्यायला भंडाऱ्याला जावं लागायचं, आणि कंबरेला हादरे बसले तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामींनी सांगून टाकलं, “तुमचं ठरू द्या, मंगच मी तुमच्या गाडीत बशीन. तवरक आपली एसटीच बरी.” पण त्यांना एकटं पाठवणं मामाजींना जमेना. म्हणून दर बुधवारी पुढे एसटी आणि मागे मामाजींची रिकामी गाडी, अशी मिरवणूक निघू लागली. बस थांबली की गाडी थांबायची. रस्त्यावरचे लोक हसायचे, आणि खरं सांगतो, मीही हसायचो.

एका बुधवारी मी साकोलीला त्याच बसमध्ये चढलो. पुढे जागा रिकाम्या होत्या, आणि मामी अगदी शेवटच्या बाकावर, जिथे प्रत्येक खड्ड्याला माणूस हातभर उडतो. दोन्ही हातांनी कंबर धरून, मान वळवून त्या मागच्या काचेतून पाहत होत्या.

“मामी, पुढं बसा ना. इथं कायले बसल्या?”

“पुढून हे दिसत नाईत ना,” त्या कळ दाबत म्हणाल्या. “गाडी चालवतानी बी त्यायच्या डोक्यात शॉकअपच चालू राह्यते. कोनावर जाऊन आदळले मंजे?”

भंडाऱ्याला उतरल्यावर मी हे मामाजींना सांगितलं. मला वाटलं, आता दुसरी बाजू येणार. ती आली नाही. ते नुसतेच उभ्या बसच्या मागच्या काचेकडे बघत राहिले. मग मामींना दवाखान्यात सोडून सरळ दुकानात गेले आणि म्हणाले, “नवे टाकून द्या.” दुकानदार इतका गडबडला, की तोच म्हणाला, “अजून एकडाव विचार करून घ्या, शेटजी!”

आता मामी त्यांच्या शेजारी बसतात. परवा मीही मागे बसून गेलो. गाडी छान चालते. पण मामाजी अजून त्या एसटीच्या मागेच राहतात. रस्ता मोकळा होता, मामी म्हणत होत्या, “घ्या ना पुढं,” तरी त्यांनी गाडी पुढे काढली नाही. शेवटच्या बाकावर कुणी परकी बाई बसली होती. लाखनीच्या अलीकडे खड्डा आला, तिचं डोकं काचेपर्यंत उडालं आणि खाली आदळलं. मामाजींनी वेग कमी केला. समोरून नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, “लय लागत होतं का वं तुले?”

मामी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “नाई.”