विषय न लिहिलेली चार पत्रं

नागपुरातल्या एका खासगी कॉलेजात मी मेल सर्व्हर सांभाळते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कचरा मेलचा नुसता पूर आला होता. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचं पार्सल अडकलं, पैसे भरा आणि शोधनिबंध छापून घ्या. मी बसवलेला फिल्टर हे सगळं वेगळ्या फोल्डरात टाकायचा. पण आमची प्राध्यापक मंडळी तिथेही जाऊन वाचायची. एका सरांनी तर लॉटरीवाल्याला सविस्तर आभाराचं उत्तर लिहिलं. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, हा प्रकार कुणाला दिसायलाच नको."

त्याच आठवड्यात मी कुहीकडून, आमच्या गावाहून परतले होते. आई गेली होती. ती माझ्या मोठ्या भावाकडे, गावच्या घरी राहायची. चार दिवस तिला ताप होता. दादाला वाटलं उतरेल. त्याने मला फोन केला तोवर सगळं संपलं होतं. गाव नागपूरहून जेमतेम तासाभरावर आहे, आणि तो एक तास माझ्या डोक्यातून जाता जात नव्हता.

मी नागपूरला पोचले आणि त्याचा फोन आला. "ऐकून तं घे वं माहं," तो म्हणाला.

"मले फोन करू नको," मी म्हणाले. "काय सांगाचं आहे ते लिहून पाठव. माह्या ऑफिसच्या मेलवर पाठव."

दादाने सारी उमर कळमन्याच्या बाजारात मापारी म्हणून धान्याची पोती तोलण्यात काढली. त्याला मेल करता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तसं म्हणाले. माझा स्वभाव असाच आहे, लागेल तिथेच बोलते.

दुसऱ्या दिवशी फिल्टरचे नियम लिहायला बसले. फिल्टर प्रत्येक मेलला गुण देतो, आणि ज्याला जास्त गुण तो नापास. विषयाची ओळ रिकामी, दोन गुण. आत मजकूर नाही, नुसता फोटो जोडलेला, तीन गुण. पाठवणारा दिवसभर भलभलत्या लोकांना मेल धाडतो, आणखी तीन. सात झाले की मेल पुसून टाकायचा. फोल्डर नाही, पाठवणाऱ्याला सूचना नाही, काही नाही. खरं तर नवा नियम केला की महिनाभर काहीच पुसायचं नसतं. बाजूला साठवायचं, रोज चाळायचं, कामाचं काही अडकलं तर नियम सैल करायचा. हे मी इतरांना शिकवते. पण त्या आठवड्यात मला काहीतरी नाहीसं करायचं होतं. पहिल्याच दिवशी शेकडो मेल उडाले आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

सगळ्यांनी कौतुक केलं. मेलबॉक्स कसा लख्ख झाला म्हणाले. मी रोज सकाळी माझा लख्ख मेलबॉक्स उघडायची आणि दादाचं काही आलंय का बघायची. येत नाही हे माहीत असून बघायची. नाही दिसलं की आणखी चिडायची. कुणाकडून चार ओळी लिहून घेता येत नाहीत? मग मीच काहून फोन करू?

असे तीन महिने गेले. मग एका दुपारी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. कावीळ झाली होती, अंगावर काढली, आणि सकाळी दादा गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले. कुहीत ऑनलाइन सेंटर चालवणारी एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची मार्कशीट, साऱ्या पंचक्रोशीचे कागद ती स्कॅन करते आणि आपल्या एकाच मेलवरून जिथल्या तिथे पाठवते.

"ताई, तुमचा जवाब काही आला नाही," ती म्हणाली. "दादा दर सोमवारी येऊन विचारत होते."

"कशाचा जवाब?"

"चार चिठ्ठ्या पाठवल्या ना आम्ही तुमाले. थे हातानं लिहून आनत, मी फोटो काढून धाडत होती. तुमचं कार्ड होतं त्यायच्यापाशी, त्याच्यावरून पत्ता टाकला. पहिल्या खेपेले मी विचारलं, विषयाच्या जागी काय लिहू? तं म्हणाले, विषय अर्जाले लिहितात. बहिणीले कोनी विषय लिहिते का?"

शाळेत आम्हा दोघांनाही तेच शिकवलं होतं. सरकारी अर्जावर विषय लिहायचा, घरच्या पत्रावर नाही.

मी तिला विचारलं, फोटो असतील ना? नव्हते. लोकांच्या आधार कार्डाचा गैरवापर नको म्हणून ती रोज संध्याकाळी पाठवलेल्या मेलसकट सगळं पुसते. मला तिचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

नागपूरला येऊन सर्व्हरचा लॉग उघडला. आल्या-गेल्या प्रत्येक मेलची वेळ, आकार आणि गुण यांची एक ओळ त्यात राहते, मजकूर नाही. तिचा पत्ता शोधला, चार ओळी सापडल्या. चारही सोमवारच्या, प्रत्येकीला आठ गुण, चारही आल्या त्याच सेकंदाला पुसलेल्या. पहिली चिठ्ठी सगळ्यांत मोठी होती, चार पानं तरी असावीत. शेवटची एका पानाची, तो जायच्या आठ दिवस आधीची. त्या वेळी मी माझ्या खुर्चीवर होते. खूप रडले. मग तो नियम काढला. त्याने काही परत येणार नव्हतं.

रविवारी पुन्हा गावी गेले. कागद घरी असतील अशी आशा होती. वहिनी म्हणाली, "त्यानं चुलीत टाकले. म्हने, तिच्यापाशी पोचले, आता ठेवून काय कराचं." मग म्हणाली, "आजारी पडला तं मी म्हटलं, तिले फोन लावतो. तं नाही म्हने, तिनं फोन करू नको म्हटलं आहे. तिनं वाचलं असन, राग उतरला की येईन."

मी चुलीकडे पाहिलं.

"मले त्यानं एकबी चिठ्ठी दाखवली नाही," वहिनी म्हणाली. "तुमचं बहीण-भावाचं आहे म्हने. आता तं तो नाही. काय लिहिलं होतं वं त्यानं? सांग ना मले."

मनात आलं, काहीतरी सांगावं. तुझी आठवण होती त्यात, तुझी काळजी होती, असलं काहीतरी. तिला बरं वाटलं असतं. पण जमलं नाही.

"मी वाचलं नाही वहिनी."

"एकबी नाही?"

"माह्यापर्यंत आल्याच नाहीत. ऑफिसात एक मशीन आहे, त्यानं आधीच पुसून टाकल्या."

वहिनीने आवाज चढवला नाही, रडली नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "मशीनले असं कराले कोनं सांगतलं होतं?"

"मी," मी म्हणाले.