साडूंच्या खिशातला नळ

माझ्या साडूंनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल चार शब्द बरे निघाले तरी वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. इतका सावध माणूस उभ्या कतारमध्ये शोधून सापडणार नाही. दोह्यात लोक चहासाठी उतरतात ते गाडी चालू ठेवून, किल्ली आतच ठेवून, आणि परत येतात तेव्हा गाडी तिथंच असते. आमचे साडू गाडीत बसलेले असतानाही चारी दारं आतून लावून घेतात. करक चहावाला पोऱ्या कप घेऊन आला की काच दोन बोटं खाली करतात आणि त्या फटीतून कप आत ओढायला बघतात. माझ्या गाडीच्या सीटवर त्याचे डाग अजून आहेत. हाच माणूस वेस्ट बेच्या टॉवरांमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो, चाळिसाव्या मजल्याच्या पोकळीत शीळ घालत उभा राहतो. पण अल थुमामातल्या आमच्या खोलीत पाल दिसली की दाराबाहेर थांबून म्हणतो, "आधी तिला जाऊ द्या, साडूभाऊ. तिचं काही काम असेल."

अशा माणसानं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं होतं. अर्थात इथं नाही. इथं आमच्यासारख्यानं तसलं काही मनातसुद्धा आणू नये. रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं गावाकडं. साडूंनी गावाबाहेर, रस्त्याकडेच्या मळ्यात नवं घर बांधलं आणि त्यात माझी मेहुणी एकटीच राहायची. एकदा चोरांनी विहिरीवरची मोटर उचकटून नेली. ती दाराआड विळा घेऊन उजाडेपर्यंत उभी होती. हे तिनं फोनवर हसत हसत सांगितलं, पण साडूंचं जेवण त्या दिवसापासून निम्म्यावर आलं. मग दोन सुट्ट्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी परवाना मिळवला आणि वस्तूच्या निवडीला लागले. ही निवड म्हणजे काय प्रकार होता, ते मला विचारा. मी त्यांच्याच खोलीत राहत होतो.

रिव्हॉल्व्हर छोटंच पाहिजे, खिशात मावणारं, याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. मोठं असेल तर लोकांना दिसतं, आणि दिसलं की लोक विचारतात. पण खिशात त्याचं ओझं होईल की काय, ही शंका. म्हणून त्यांनी माझ्या दुकानातून, मी जुने एसी आणि घरसामान विकतो, एक पितळी नळ उचलला. वजन साधारण तेवढंच, म्हणाले. तो नळ रुमालात गुंडाळून ते पँटच्या खिशात घेऊन हिंडू लागले. उजव्या खिशात, डाव्या खिशात, बसताना टोचतो का, उठताना अडकतो का. एका टॉवरच्या दारात तपासणीचं यंत्र ओरडलं. नेपाळी वॉचमननं नळ हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "भाई, ये नल क्यों?" साडू म्हणाले, "आदत डाल रहा हूँ." त्यानं सलाम करून आत सोडलं. वेड्याला कोण अडवतं?

काडतुसांचा विचार तर त्याहून खोल. साधी शिशाची गोळी घ्यावी की तांब्याच्या कवचाची, यावर आमचे सुट्टीचे कितीतरी शुक्रवार गेले. कवचाची गोळी आरपार जाते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आता, आमच्या मेहुणीच्या परसदारी पत्र्याचं कुंपण आणि त्यापलीकडं शेजाऱ्याचा गोठा. त्यात त्याची म्हैस. बांधावरून त्या शेजाऱ्याशी आधीच बोलणं बंद. "समजा, चोर आला," साडू म्हणायचे, "आणि मी नेम धरला. चोर वाकला. गोळी गेली पत्र्यातून. मेली म्हैस. मग?" मी म्हणालो, मग म्हैस विकत घ्या. तर म्हणाले, "तो तसं मिटवणार नाही. तो कोर्टात जाईल." चोराचं काय होईल याचा विचार या माणसानं एकदाही केला नाही. सगळा जीव म्हशीत. शेवटी साधी शिशाचीच गोळी ठरली, म्हशीच्या भल्यासाठी.

आता माझ्याबद्दल. मी इथं हेल्पर म्हणून आलो आणि जे उभं केलं ते घासाघीस करून उभं केलं. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणारं आमचं घर. त्यांचा एकच नियम होता: भाव पाडला की वस्तू उचलायची. न उचलणाऱ्याला पुढच्या बाजारात कुणी बोट देत नाही. म्हणून साडूंनी सौदा माझ्याकडं सोपवला तेव्हा मी बजावून विचारलं, "घेणार ना नक्की?" म्हणाले, "इन्शाल्ला." इथं तोंडावर 'नाही' म्हणायचं नसलं की लोक हेच म्हणतात. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

जिल्ह्याच्या गावी हत्यारांचा एक जुना दुकानदार आहे. त्याच्याकडं एका वारलेल्या म्हाताऱ्या पाटलांचं वापरलेलं छोटं रिव्हॉल्व्हर विकायला आलं होतं. सौदा आत्ता पक्का करायचा आणि वस्तू साडूंनी सुट्टीत जाऊन घ्यायची, असं ठरलं. शुक्रवारी मेहुणी मोबाइल घेऊन दुकानात गेली, इकडं खोलीत आम्ही दोघं व्हिडिओवर. दुकानदारानं मखमलीवर वस्तू ठेवली. साडूंनी उगीचच खिशातला नळ काढून पडद्याशेजारी धरला आणि मान डोलावली. मग मी सुरू झालो. फोनवर बोटं धरता येत नाहीत, पण बाजारातली दुसरी युक्ती येते: उठून चालायला लागायचं. मी फोन कापला. साडूंचा चेहरा पडला. मी म्हणालो, गप्प बसा, येईल. आला. भाव उतरला होता. मी मुठीवरचा चरा काढला, नळीवरचा डाग काढला, मेलेल्या पाटलांचा स्वभाव काढला, आणि पुन्हा फोन कापला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा कापला तेव्हा मात्र बराच वेळ फोन आला नाही. साडू नळ कुरवाळत बसले. मी छताकडं बघत होतो, पण कान फोनकडंच होता.

शेवटी फोन वाजला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमचा आकडा मान्य. काडतुसं आणि चामडी म्यान वरून देतो. असा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही." सांगतो, तसा सौदा माझ्या हातून पुन्हा व्हायचा नाही. वडील असते तर त्यांनी उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं असतं. मी 'ठरलं' म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्यावर मेहुणी आली. फोन बंद होता तेवढ्या वेळात तिनं दुकानदाराशी बोलून घेतलं होतं.

"दाजी," ती म्हणाली, "परवाना यांच्या नावावर. मला हात लावता येत नाही. हे दोह्याला असले की वस्तू या दुकानदाराच्या तिजोरीत जमा राहणार. मग चोरानं यांच्या सुट्टीची वाट बघायची का?"

साडू काहीतरी पुटपुटले. खिशात बरोबर बसतं, असं काहीतरी.

"कुणाच्या खिशात? घरात मी असते. साडीला खिसा असतो का?" मग तिचा आवाज उतरला. "अहो, एक तर तुम्ही या, नाहीतर मला तरी न्या. ते लोखंड नको मला."

साडूंनी नळ खाली ठेवला. कंपनीचा साहेब कधीपासून म्हणत होता, फॅमिली आण, आम्ही व्हिसा करतो. साडू घराला माणूस पाहिजे म्हणून टाळत होते, आणि घरातल्या माणसासाठी रिव्हॉल्व्हर शोधत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "खलास, साडूभाऊ. राहू द्या." मी एवढा तापलो की शेजारच्या खोलीतले ड्रायव्हर लोक दारात जमले. माझा शब्द गेला होता, त्याचं काय? साडू मात्र अशा थाटात उभे होते, की जणू चोराला त्यांनीच पकडलंय.

आता ते दोघं इथंच अबू हमूरला एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतात. मळ्यातलं घर एका मास्तरांना भाड्यानं दिलंय. मेहुणी एकटी किराणा दुकानात जाते, दाराला कडीसुद्धा लावत नाही. साडू दाराकडं पाठ करून जेवतात, पोटभर जेवतात. तो पितळी नळ त्यांनी स्वयंपाकघरात बसवला आहे. मागच्या शुक्रवारी त्याच नळाचं पाणी मेहुणीनं मला दिलं आणि म्हणाली, "दाजी, राग सोडा आता."

पाणी प्यालो. गोड होतं. पण आमच्या खोलीत आता शुक्रवारी म्हशीची काळजी करणारं कुणी नाही. पाल भिंतीवर आली तर मीच उठून दारात थांबतो. आणि तिकडं तो दुकानदार अजून माझ्या आकड्याला वस्तू धरून बसलाय, दर सणाला विचारतो, साहेब, कधी येताय? मी उभ्या आयुष्यात पाडलेला सगळ्यात चांगला भाव तिथं मखमलीवर पडून आहे. म्हणून भेटले की मी एवढंच म्हणतो: साडूभाऊ, चहा नंतर घेऊ. आधी सांगा, त्या माणसाला मी काय उत्तर देऊ?