उग्रकेश राजावरचे आमचे शेरे

"इसको कोई पूछताच नै, खाना खाया क्या."

साहेबानं हे वाक्य माझ्या अम्मीच्या आवाजात वाचलं. म्हणजे तसल्या बाईचा आवाज कसा असेल असं त्याला वाटलं, त्या आवाजात. मान वाकडी करून, नाकातून. अफसरांच्या क्लबच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलेले सगळे हसले. एकाच्या बशीत चहा सांडला. त्यानं तो परत कपात ओतला आणि पुन्हा हसला.

मी पायरीवर उभा होतो. एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कोणाची तरी बॅडमिंटनची रॅकेट ठेवली होती. रॅकेट बसली होती. मी उभा.

ही घुग्घुसची, कोळशाच्या खाणीच्या गावची गोष्ट आहे, नव्वदच्या दशकातली. माझे वडील पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून दारोदार कापूस पिंजत फिरायचे. ते गेले तेव्हा मी शाळा सोडली. अम्मी लोकांच्या गाद्या भरायला लागली आणि मी सायकलवर तराजू बांधून रद्दी घ्यायला लागलो. सगळ्यात चांगली रद्दी खाणीच्या अफसरांच्या कॉलनीत मिळायची. गुळगुळीत कागद, पानं शाबूत. तिथं पुढचं दार पाहुण्यांचं, मागचं दार आमचं. मागच्या दारानं माझी रद्दी बाहेर यायची, मागच्याच दारानं अम्मीचा कापूस आत जायचा.

त्या रद्दीत चित्रकथा असायच्या. त्या मी दुकानदाराला वजनावर दिल्या नाहीत. बसस्टँडजवळ एक हातगाडी लावली, दोरीवर अंक टांगले, समोर एक बाक टाकला. बाकावर बसून वाचा, नाहीतर भाड्यानं घरी न्या.

त्यात एक होता राजा उग्रकेश. नावाड्याचा पोरगा. तलवार घेऊन निघाला, राक्षस मारले, जादूगार मारले, शेवटी राजा झाला. जवान होता तोवर कॉलनीतली पोरं त्याच्यावर जीव टाकायची. मग लिहिणाऱ्यानं त्याला म्हातारा केला. गुडघे दुखायला लागले. दरबारातले जादूगार त्याच्यावर मंतर टाकायचे, की त्याला आपल्याच माणसांची नावं आठवू नयेत. तलवारीची मूठ हातात राहीना, तेव्हा त्यानं आपलं पागोटं फाडलं आणि तलवार मनगटाला बांधून लढायला गेला.

कॉलनीला हे आवडलं नाही. "बोर करतो बुढा," पोरं म्हणायची. मागच्या दारानं उग्रकेशाचे गठ्ठे यायला लागले. काही तर उघडलेसुद्धा नव्हते.

माझ्या बाकावर उलटं झालं. पाळी सुटली की कोळशानं काळे झालेले लोडर आधी म्हातारा राजा मागायचे. ट्रकवाले मागायचे. जवान उग्रकेश दोरीवर लटकत राहायचा.

आमच्या गाडीचा एक रिवाज होता. सिमेंटच्या पोत्याचा जाड कागद झटकून मी प्रत्येक अंकाला बाहेरून शिवायचो. अंक परत करताना त्या कागदावर शेरा द्यायचा. शेरा नाही तर पुढचा अंक नाही. लिहिता येत असेल त्यानं लिहावं. नाही त्यानं बोलावं, मी लिहीन, जसंच्या तसं. यात माझा धंदा होता, लपवत नाही. शेरे वाचून पुढचं गिऱ्हाईक अंक उचलायचं. पण हळूहळू लोक कथेपेक्षा शेऱ्यांसाठी यायला लागले, हेही खरं.

एका ड्रायव्हरचा शेरा होता: "राणी एकाच पानावर हाय. बाकी पुस्तक कायले काढलं?" दुसऱ्याचा: "जादूगाराले पहिलेच मारला अस्ता तं सारी भानगडच नसती." ज्या अंकात राजा तलवार बांधतो, त्यावर दौलतभाऊचा शेरा होता. दौलतभाऊ खाणीत लोडर. वर्षानुवर्षं बेलच्यानं, म्हणजे फावड्यानं, कोळसा भरून त्याची बोटं वळत नव्हती. त्यानं तो अंक दोनदा नेला आणि मग मला सांगितलं, लिही: "राजानं तलवार बांधली. मी बी बेलचा गमछ्यानं हाताले बांधतो. त्यात लाज काऊन?"

अम्मीला अक्षर येत नव्हतं. ती गादीला टाके घालायची आणि मी वाचून दाखवायचो. लढाई आली की ती दोऱ्याकडे बघायची. तिचं लक्ष भलतीकडेच. एकदा अंक संपल्यावर म्हणाली, "पूरी किताब में मारामारीच है. इतना बडा राजवाडा, इतने नौकर. इसको कोई पूछताच नै, खाना खाया क्या." मी हसत हसत ते लिहून घेतलं. तोच अंक सगळ्यात जास्त फिरला.

मग मुंबईच्या कुठल्याशा पेपरात कोणीतरी लिहिलं, की म्हाताऱ्या उग्रकेशाची चित्रकथा म्हणजे फार थोर गोष्ट आहे. झालं. कॉलनी रातोरात भक्त झाली. ज्यांनी गठ्ठे मागच्या दारानं काढले तेच म्हणायला लागले, आम्ही पहिल्यापासून वाचतो. अशी भक्ती मी बाजारात पाहिली आहे. शेजारच्यानं भाव विचारला की टोपलीतलं सडकं वांगंही माणसाला ताजं दिसतं.

क्लबनं कार्यक्रम ठरवला. नागपूरचे पाहुणे बोलावले. पण उग्रकेशाचा पूर्ण संच कोणाकडेच नव्हता. होता तो माझ्या हातगाडीवर. साहेबानं चपराशी मारोतभाऊला पाठवलं: रविवारी सकाळी सगळे अंक घेऊन क्लबवर ये.

साहेब म्हणजे कॉलनीत ज्याच्या शब्दाशिवाय पान हलायचं नाही तो. तेव्हा कॉलनीच्या नव्या बाजारात गाळे द्यायचे होते. मी एक मागितला होता. पाऊस आला की माझे अंक भिजायचे, गाडीवर ताडपत्री ओढून मी स्वतः भिजत बसायचो. अम्मीला आता घरोघर जाणं झेपत नव्हतं, तरी जायची. गाळा मिळाला असता तर तिनं एका जागी बसून गाद्या शिवल्या असत्या. डोक्यावर पत्रा. एवढंच पाहिजे होतं. आणि ते साहेबाच्या हातात होतं.

सौद्याला जाताना गरज घरी ठेवून जायची, हे मी बाजारात शिकलो. त्या दिवशी मी गरज इस्त्री करून अंगावर घातली. नवा शर्ट. अंक अम्मीच्या गादीच्या कापडात बांधले. मनात होतं, मलाही विचारतील. तू वाचतोस का, तुला कोणता अंक आवडतो. मी उत्तरसुद्धा ठरवून गेलो होतो. आज त्या शर्टाचा राग येतो.

कोणी विचारलं नाही. गाठोडं सोडलं, अंक हातोहात फिरले, आणि कोणाचं तरी लक्ष शेऱ्यांवर गेलं. साहेबानं वाचायला घेतलं. ड्रायव्हरचा शेरा ड्रायव्हरच्या आवाजात. दौलतभाऊचा शेरा, हात वाकडा करून. मग अम्मीचा.

हसणं संपल्यावर साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "काय सुंदर लिहिलंयस रे. तुझ्यात लेखक आहे."

"मी नाही लिहिलं, साहेब. ज्याचं त्यानं सांगितलं. मी उतरवून घेतलं."

"मी वाचले त्या सगळ्यांचं अक्षर एकच आहे."

"ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहितो."

शेजारच्या बाई म्हणाल्या, "लोडर असं बोलतात होय? आमच्याकडे येतात तेव्हा तर तोंडातून शब्द निघत नाही."

त्या घरी माणसाच्या तोंडातून शब्द का निघत नाही, हे त्या बाईंना एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. गाळा.

"अरे, लाजतोस काय," साहेब म्हणाला. "धंद्याची युक्ती आहे, आम्हाला कळतं. पण युक्तीतसुद्धा कला आहे. कबूल कर, सगळं तूच रचलंस. कार्यक्रमात तुला स्टेजवर बोलावू. पाहुण्यांना सांगू, बघा, आमच्या घुग्घुसचा रद्दीवाला. संच क्लबला देऊन टाक. आणि तुझ्या गाळ्याचं मी बघतो."

सौदा समोर ठेवला होता. वाईट नव्हता. फक्त हो म्हणायचं होतं. सौद्यात मी तांब्याला पितळ म्हणालो आहे, पितळेला कचरा म्हणालो आहे. एका हो-नं काय झिजलं असतं? पण मी तराजूवरचा माणूस. दुसऱ्या पारड्यात काय टाकायला सांगतायत ते मला दिसलं. अम्मी असं बोलली नाही, असं मी म्हणायचं. दौलतभाऊ नाहीच, असं म्हणायचं. या लोकांना तोंडं नाहीत, त्यांच्या नावानं मीच बोलतो, असं म्हणायचं. मग मला खुर्ची. रॅकेट उचलून.

"ती माझी आई आहे," मी म्हणालो. "ती बोलली ते तिचं आहे."

"अरे, चिडतोस कशाला? कौतुकच चाललंय."

"माझं नका करू. तिचं करा. ती तुमच्या घरी गाद्या भरायला येते. मागच्या दारानं. एकदा पुढच्या दारानं बोलवा, खुर्चीवर बसवा आणि विचारा तिला, राजा कसा वाटला."

साहेबानं आवाज खाली आणला. हा आवाज मला ओळखीचा होता. गिऱ्हाईक निघून जातं असं दिसलं की दुकानदार असा बोलतो.

"गाळा पाहिजे ना तुला?"

मी पायरी चढलो. पहिल्यांदाच. एकेकाच्या मांडीवरून अंक उचलले आणि कापडात बांधायला लागलो.

"हे आमच्याच घरातून गेलेले अंक आहेत," साहेब म्हणाला.

"गेलेच होते. किलोनं."

गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या फाटकातून बाहेर आलो. फाटक मारोतभाऊनं उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण फाटक पूर्ण उघडलं.

बाकावर दौलतभाऊ बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं आपल्या न वळणाऱ्या बोटांकडे बघितलं.

"तं ते म्हन्ते, मी नाईच?"

"हो."

"चाल, मी येतो संग. त्याइच्या समोर अंगठा देतो. मंग तं मानतीन?"

"नको, दौलतभाऊ. पुरावा कायले द्याचा?"

तो थुंकला. मग म्हणाला, "राजा खोटा. राक्षस खोटा. त्याची जादू खोटी. ते सारं त्याइले खरं वाटून राह्यलं. अन् बोलनारा लोडर तेवढा खोटा?"

यापेक्षा चांगला शेरा मी आजवर ऐकला नाही. तो मी तिथंच लिहून घेतला.

अम्मीनं शाबासकी दिली नाही. तिनं पहिलं विचारलं, गाळा मिळाला का. नाही म्हटल्यावर रागावली. "इतनी सी बात पे छत छोड के आया?" मग मी सांगितलं की ते म्हणतात, हे तू बोललीच नाहीस. तिची सुई थांबली. "मैं नै बोली तो कौन बोला?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता दोरा तोडला आणि गादी पलटली.

कार्यक्रम झाला. मारोतभाऊ दुसऱ्या दिवशी गाडीवर आला, बाकावर बसला. मग म्हणाला, "साहेब लय मस्त बोलले गा. म्हने, सारं राज्य हाय या म्हाताऱ्यापाशी, पन जेवलास का म्हून इचारनारं कोनी नाई. मोठे मोठे पाव्हने वा वा करून राह्यले होते. टाळ्याच टाळ्या."

मी विचारलं, "कोनाचं वाक्य हाय, ते सांगतलं का?"

"नाई."

तेव्हा मला सगळा भाव कळला. अम्मीच्या तोंडी ते वाक्य म्हणजे विनोद. माझ्या तोंडी युक्ती. साहेबाच्या तोंडी विचार. माल एकच, दुकान बदललं. आयुष्यभर मी त्यांच्या घरातून टाकलेलं उचललं, वजन करून, दाम देऊन. त्यांनी आमच्या घरातलं उचललं ते टाकलेलं नव्हतं, आणि त्याला तराजूही लावला नाही. चोर कोणाला म्हणायचं, हे तेच लोक मला कॉलनीच्या फाटकावर रोज शिकवायचे. पिशवी उघड, दाखव.

गाळा दुसऱ्याला गेला. मी पुढे किती पावसात भिजलो आणि पत्रा कसा घातला, तो माझा प्रश्न. साहेबाची बदली झाली. त्याच्यावर राग आहे का, असं लोक विचारतात. आहे. तो मी जपून ठेवला आहे, अंकांसारखा, जाड कागदात शिवून.

आता त्या संचासाठी नागपूरहून, पुण्याहून लोक येतात. गाडीतून उतरतात आणि उभ्या उभ्याच भाव विचारतात. मी सगळ्याचा भाव करतो, याचा करत नाही. वाचायचं असेल तर बाकावर बसा. शेजारी कोळशाचा माणूस बसला असेल, सरकून बसा. वाचून झालं की शेरा द्या. तुमचाही मी लिहीन, जसंच्या तसं. आणि आता माझ्याकडे शेऱ्याच्या आधी नाव लिहिलं जातं. बोलणाऱ्याचं पूर्ण नाव, काम, गाव. नाव नाही तर शेरा नाही.

जुन्या अंकांवरही मी ती नावं लिहून टाकली आहेत. जिथं जिथं कोणी त्या राजाबद्दल बोलायला उभं राहील आणि अम्मीचं ते वाक्य म्हणेल, तिथं मी खाली बसलेला असलो तर उठेन. टाळ्या पडू देणार नाही. आधी सांगेन.

बोलणारी रशीदाबी. गाद्या भरते. राहणार घुग्घुस.