परब काकांच्या फोनमधली जागा

परब काकांच्या घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती. दारात आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. "माणसाचा चेहरा पडता रे, माका नाय बघवत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुढे दार काकीच उघडू लागल्या, म्हणून आकडा तीनवर थांबला.

काकी गेल्यावर काका बोरिवलीतल्या आमच्या इमारतीत भेटेल त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवायचे. त्यात काकी ओट्यापाशी उभ्या राहून ओरडतायत, "शूटिंग कसलं करताय? आधी दूध बघा!" आणि दूध खरंच उतू जातं. काका दर वेळी नव्याने हसायचे.

त्याच सुमारास मला सोसायटीचं अ‍ॅप काढायची उबळ आली. आज पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, एवढंच त्यात सांगायचं होतं. समितीतली स्नेहा म्हणाली, "अरे, साधी वेबसाइट कर ना. लिंक दाबली की उघडेल, फोनमध्ये काही भरायला नको."

"लिंक काय, लग्नपत्रिकेचीही येते! पुढचा जमाना अ‍ॅपचा आहे, यार. आपली बिल्डिंग प्रत्येकाच्या फोनवर झळकली पाहिजे."

झळकवलीच. अ‍ॅप उघडलं की आमची चार मजली इमारत सनईच्या सुरात गरागरा फिरायची. त्या थाटापायी अ‍ॅप हत्तीएवढं झालं आणि मी दारोदार जाऊन ते लोकांच्या गळ्यात मारलं. काकांनी घेतल्यावर तर मीटिंगमध्ये मिरवलो, "परब काकांना जमतं, तुम्हाला काय झालं?"

पुढे एकदा मेहुणा आला, त्याला घेऊन काकांकडे गेलो. "काका, तो दुधाचा व्हिडिओ दाखवा ना."

"तो नाय आता. तुझा अ‍ॅप बसेना. फोन म्हणता, जागा नाय. मगे सगळे व्हिडिओ काढून टाकलंय."

"अहो, मला नको म्हणायचं ना!"

"तू एवढ्या हौसेन इल्लंस. कसा म्हणू?"

"कुणाला पाठवला होता?"

"पाठवूक खंय येता माका? मी आपलो फोनच दाखवी."

मी त्या फोनचा कानाकोपरा धुंडाळला. काही मिळालं नाही.

त्याच आठवड्यात अ‍ॅप मोडीत काढलं, स्नेहा म्हणाली होती तशी वेबसाइट केली आणि काकांना दाखवायला गेलो.

"ह्या बरा," ते म्हणाले. "ह्याका जागा किती लागता?"

"जवळजवळ काहीच नाही, काका."

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मगे आधी..." म्हणाले आणि थांबले.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर निदान मान वर करता आली असती. ते उठले आणि टेबलावरचा पंखा माझ्या बाजूला वळवून म्हणाले, "घामान भिजलंस रे. बस जरा."